बोटभर फट

गेजचं पातं कोपऱ्यात अलगद शिरलं. शिरायला नको होतं. सकाळची वेळ, बाहेरच्या खोलीचा खिडकीकडचा कोपरा, मी गुडघ्यांवर ओणवा, गाल जवळजवळ फरशीला टेकलेला. गेज म्हणजे कागदाहून पातळ अशा पत्र्याच्या पात्यांचा जुडगा. त्यातलं पातं जिथे शिरतं तिथे वाराही शिरतो, वाऱ्यामागून धूळ आणि धुळीमागून, आमच्या घरात तरी, माझा दमा. गेल्या वर्षी याच कोपऱ्यात मी हेच पातं दाबून पाहिलं होतं. तेव्हा ते वाकलं होतं, पण आत गेलं नव्हतं, आणि मी लहान पोरासारखं बायकोला हाक मारून ते वाकलेलं पातं दाखवलं होतं. बायको दातांची डॉक्टर. हिरडी तपासावी तशी तिने वाकून पट्टी पाहिली आणि म्हणाली, "बसलीय खरी घट्ट. टिकते किती ते बघू." टिकली नव्हती. भिंतीच्या टोकाशी पट्टी केसभर सुटली होती आणि त्या केसभर जागेतून येणारा गारवा मला गालावर स्पष्ट कळत होता.

मी भिंतींच्या पायाशी लागणाऱ्या पट्ट्या आखतो. भिंत आणि फरशी यांचं एकमेकींशी कधीच पुरतं जमत नाही, मध्ये फट राहतेच, ती बुजवायला ही पट्टी. काही जण तिला स्कर्टिंग म्हणतात, बाकीच्यांना ती दिसतच नाही. न दिसणं हेच तिचं यश, असं मी पाहुण्यांना समजावून सांगतो आणि पाहुणे मान डोलावून दुसराच विषय काढतात. आमच्या कारखान्यातल्या सगळ्यांना एक खोड आहे, कुणाच्याही घरी गेलं की आधी खाली बघायचं. माझ्या सासऱ्यांचा बरीच वर्षं समज होता की जावई फार लाजरा आहे. थोरल्या मालकांनी एक पद्धत घालून दिली ती अजून चालू आहे: ज्याने पट्टी आखली त्याने ती आधी स्वतःच्या घरात लावायची, सगळ्या खोल्यांतून, आणि एक उन्हाळा, एक हिवाळा तिच्याबरोबर राहायचं. मग कारखान्याच्या तपासनीस बाई धुराची नळी घेऊन येणार आणि भिंतीकडेने फिरणार. धूर सरळ वर गेला तर पट्टी साच्यात जाते, म्हणजे कारखाना ती बनवायला घेतो; हलला तर कायमची कपाटात. बाई उद्या येणार होत्या. आणि माझ्या पट्टीचा सगळा तोरा असा की तिला सांधाच नव्हता. सांधा आला की फट आली, मग सांधाच काढून टाकू, असा माझा साधा हिशेब. एका भिंतीला एकच सलग पट्टी, या टोकापासून त्या टोकापर्यंत गोंदाने चिकटवलेली, खाली फरशीवर टेकणारा मऊ रबरी ओठ, कोपरे तापवून एकजीव केलेले. एकसंध, हा शब्द मी वर्षभर इतक्या वेळा उच्चारला की बायकोने शेवटी घरात त्याला बंदी घातली.

बाहेरच्या खोलीचे चारही कोपरे सुटले होते. स्वयंपाकघराचे सुटले होते. आमच्या झोपायच्या खोलीत तर पट्टी मधोमध फुगून पुन्हा बसली होती आणि बसताना थोडी चिरली होती. उन्हाळ्यात तिला लांब व्हायचं होतं, मी होऊ दिलं नाही. थंडीत आखडायचं होतं, तेही होऊ दिलं नाही. मग तिने जिथे जमेल तिथे अंग सोडवून घेतलं. हे कळायला काही फार अक्कल लागत नाही, पण स्वतःच्या पट्टीबाबत ती नेमकी चालत नाही. मी फरशीवर बसून राहिलो. मात्र खरं सांगायचं तर मला उद्यापेक्षा रविवारची धास्ती होती. रविवारी मावशी जाणार होत्या.

मावशी म्हणजे वडिलांची दुसरी बायको. माझी आई गेली आणि दोन वर्षांनी त्या आल्या. मी तेव्हा तिसरीत होतो. "हिला मावशी म्हण," वडील म्हणाले आणि मी म्हटलं. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या, कानाला यंत्र लावून दिवसभर परक्या माणसांना परक्या माणसांशी जोडून द्यायच्या, आणि त्यांचा आवाज घरीही तसाच, स्वच्छ, मऊ, मध्ये एक अंतर ठेवून बोलणारा. वडील दोन हिवाळ्यांपूर्वी गेले. तेव्हापासून मावशी आमच्याकडे होत्या, म्हणजे आधीही आमच्याकडेच होत्या, पण वडील असताना ते त्यांचं घर होतं आणि नंतर एकदम आमचं झालं, असं काहीतरी त्यांनी मनाशी ठरवून टाकलं असावं. गेल्या आठवड्यात जेवताना त्यांनी सांगितलं, फोन जोडून द्यावा इतक्या सहज, की धाकटी बहीण बोलावतेय, तिच्या गावची हवा चांगली आहे, रविवारचं तिकीट काढलंय. जाऊ नका, एवढंच म्हणायचं होतं. आणि मी म्हणालो काय, तर "तुमची इच्छा असेल तसं करा, मावशी." बायकोने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मावशींनी मान खाली घालून वाटी पुसून घेतली आणि म्हणाल्या, "हो ना. तेच म्हटलं."

आम्ही दोघं असेच. उभ्या आयुष्यात आमचं भांडण झालेलं नाही, आणि नातेवाइकांत याचं फार कौतुक. मीही ते कौतुक मिरवलंय. पण त्या गोडीखाली जे होतं ते मी कुणाला सांगितलं नाही, मावशींना तर नाहीच. मला या बाईचं इतकं देणं होतं की तोंड उघडलं तर कुठून सुरुवात करावी ते कळलं नसतं. शाळेची वाट चढणीची होती. मला मध्येच धाप लागायची आणि थांबायची लाज वाटायची, बरोबरची पोरं पुढे निघून जायची. मावशी सोडायला यायच्या आणि नेमक्या त्या वळणावर म्हणायच्या, "थांब रे, बूट चावतोय," आणि कठड्यावर बसून बूट काढायच्या, आत बोट फिरवायच्या, पुन्हा घालायच्या, माझा श्वास जागेवर येईपर्यंत. पुढच्या थांब्याला दुसरा बूट चावायचा. मी कितीतरी वर्षं समजत होतो की त्यांचे बूट वाईट आहेत. पहिल्या पगारात मी त्यांना नवे बूट आणले, मऊ चामड्याचे, तेव्हा त्यांनी ते हातात घेऊन इतका वेळ पाहिले की मला वाटलं माप चुकलं. त्यांनी घरातले पडदे काढले, गालिचे काढले, उशा उन्हात टाकल्या. वडिलांना सिगारेट सोडायला लावली, आणि ती कशी सोडायला लावली हे दोघांनीही शेवटपर्यंत सांगितलं नाही. हे सगळं आठवलं की मला आतून भरून येतं, अजूनही, आणि मी उठून कुठल्यातरी भिंतीचा पाया तपासायला लागतो.

आणि तो स्वेटर. आईने विणलेला, निळा, कोपरांना ठिगळ. मावशी नवीन होत्या. त्यांनी तो धुतला आणि तो बाहुलीला बसेल एवढा झाला. त्या तो दोन्ही हातांत धरून माझ्यासमोर उभ्या राहिल्या, रंग उडालेला चेहरा. मी तिसरीतला मुलगा, मी म्हणालो, "असू द्या, मावशी. मला तो होतच नव्हता." त्या न्हाणीघरात गेल्या आणि नळ बराच वेळ चालू राहिला. मी दाराबाहेर उभा राहून स्वतःवर खूश होतो, कसं शहाण्यासारखं बोललो म्हणून.

"त्यांची खोली राहिली तुझी," बायको दवाखान्यात जायला निघताना म्हणाली. "त्या बाजारात गेल्यात. बघून घे तेवढ्यात." मला आत जायचं नव्हतं. पलंगावर उघडी बॅग, त्यात घड्या घातलेले कपडे, चष्म्याची जादा पेटी, वडिलांचा फोटो उलटा, काच कपड्यांत दबेल अशा बेताने. मी त्याकडे पाठ करून गुडघ्यांवर बसलो आणि सवयीने पातं कोपऱ्याला लावलं. ते वाकलं. मी पुन्हा दाबलं. वाकलं, आत जाईना. त्याच भिंतीच्या दुसऱ्या कोपऱ्यात गेलो, तिथेही तेच. अख्ख्या घरात ही एकच भिंत शाबूत, दोन्ही टोकं पहिल्या दिवशीसारखी चिकटलेली. तीच पट्टी, तोच गोंद, लावली त्याच दुपारी. मी भिंतीकडेने गुडघ्यांवर सरकत निघालो, पलंगाच्या उशाशी पोचलो, तिथलं छोटं टेबल बाजूला केलं, आणि मला ते दिसलं.

पट्टी कापलेली होती. बोटभर तुकडा, वरपासून खालच्या रबरी ओठापर्यंत, करवतीने सरळ कापून काढलेला. कडा पॉलिशपेपरने घासलेल्या, बोट फिरवलं तर लागू नयेत अशा. कापणाऱ्याने घाई केली नव्हती. ही भिंत म्हणजे नुसत्या लाकडी फळ्यांचा आडोसा, पलीकडे माझी कामाची खोली. थंडीच्या दिवसांत मी तिथेच झोपतो, माझ्या घरघरीने बायकोची झोप मोडू नये म्हणून. फळ्यांखालून आरपार फट होती आणि ती मी दोन्ही बाजूंनी बुजवली होती. मी आडवा झालो, कान फरशीला टेकला, डोळा त्या भोकाला लावला. अंधार दिसायला हवा होता. मला माझ्याच खुर्चीचा पाय दिसला आणि त्याशेजारी कालपासून हरवलेली माझी पेन्सिल. म्हणजे पलीकडेही कापलं होतं, माझ्या कपाटाच्या पायांमागे, जिथे मी वर्षभर वाकून पाहिलं नव्हतं. इतरांच्या घरी खाली बघत फिरणारा मी.

"सापडलं तर तुला," मागून आवाज आला.

मावशी दारात उभ्या होत्या, हातात भाजीची पिशवी. मी उठून बसलो, केसांना धूळ लागलेली.

"हे तुम्ही कापलंत?"

"तुझ्याच करवतीनं. पुसून ठेवली होती जागेवर."

"पण का, मावशी?"

त्यांनी पिशवी खाली ठेवली. "पट्टी लावलीस आणि तुझा आवाज बंद झाला," त्या म्हणाल्या. "लाइन तुटते ना, तसा. लहानपणापासून ऐकत आलेय मी. श्वास बाहेर येताना शिट्टी वाजली तर अजून वेळ आहे, आत जातानाही वाजली की उठायचं, पाणी तापत टाकायचं. तू लहान असताना आपण राहायचो त्या जुन्या घरातही भिंतीखाली फट होती, म्हणून तर पलंग मी तिथे घेतला. इथेही तसंच. तुला वाटायचं मला उशाला भिंत लागते. आणि एक दिवस सगळं शांत. पंधरा दिवस डोळ्याला डोळा नाही लागला माझा. मग घेतली करवत."

म्हणजे तिसरीपासून आजवर, मी एकटा पडून छताकडे बघत एकेक श्वास मोजत होतो असं जे मला वाटत होतं, ते कधीच खरं नव्हतं. प्रत्येक वेळी भिंतीपलीकडे कुणीतरी तोच श्वास मोजत होतं. गरम पाण्याचं भांडं नेमकं वेळेवर कसं येतं, याचं मला कधी नवलही वाटलं नव्हतं.

"मला सांगायचं होतंत," मी म्हणालो.

"काय सांगू? वर्ष घातलंस तू त्या पट्टीत. उद्या बाई येणार, तिथे धूर हलणार, तुझं वर्ष पाण्यात जाणार. आणि तू काय म्हणशील तेही मला पाठ आहे." त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा हलला. "असू द्या, मावशी. तेच म्हणशील. स्वेटरच्या वेळीही तेच म्हणालास. आठ दिवस वाट पाहिली मी, हा आता आदळआपट करेल, मला नको नको ते बोलेल. पोटची पोरं भांडतात रे. पाहुण्यांशी कुणी भांडत नाही. तुझे वडील होते तोवर चालून गेलं. आता पुन्हा ते 'असू द्या' ऐकायची ताकद नाही माझ्यात. म्हणून म्हटलं, आधीच निघावं."

माझ्या ओठांवर 'असू द्या' तयारच होतं. इतक्या वर्षांची सवय. पण ते बाहेर येण्याआधी दुसरंच काहीतरी वर आलं आणि मला ते थांबवता आलं नाही, थांबवायचंही नव्हतं.

"कोण उकळत्या पाण्यात घालतं लोकर?" मी ओरडलो. "कोण घालतं? आईचा एकुलता एक स्वेटर होता तो! मला होत होता! मला हवा होता तो! आणि ही पट्टी! वर्षभर घाम गाळला मी, कापायच्या आधी एका शब्दाने विचारलंस? नाही! आणि आता चाललीय बहिणीकडे! तिकीट काढून मोकळी! मला विचारलंस? एकदा तरी विचारलंस, मी जाऊ का म्हणून? माझा श्वास कोण ऐकणार इथे, तुझी बहीण? तिकडनं? कुठे जायचं नाही, सांगून ठेवतो! काढ ते कपडे बाहेर!"

"ओरडू नकोस, धाप लागेल."

"लागू दे!"

आणि लागली. मी पलंगाची कड धरून वाकलो, आणि मावशीने बाजाराच्या पिशवीत हात घालून, भाजीखालून, माझा दम्याचा पंप काढला. तो त्या पिशवीत असतो हे मला माहीत नव्हतं. तिने तो माझ्या तोंडाला लावला, दुसरा हात पाठीवर ठेवला, आणि पंप दाबता दाबता म्हणाली, "उकळतं नव्हतं पाणी. कोमट होतं."

"उकळतं होतं," मी श्वास सावरत म्हणालो. "मी वाफ पाहिली होती."

"मोठा आला वाफ पाहणारा! खोटारडा! तू तेव्हा शाळेत होतास."

"मग आत्ता कबूल कर की कोमट नव्हतं."

बायको चष्मा विसरली म्हणून अर्ध्या वाटेतून परत आली होती. ती दारात उभी राहून एकदा माझ्याकडे, एकदा मावशीकडे बघत होती. "काय चाललंय काय? खालपर्यंत आवाज येतोय."

"भांडतोय," आम्ही दोघंही म्हणालो, आणि मावशीचा चेहरा मी इतक्या वर्षांत कधी पाहिला नव्हता असा होता. डोळे भरलेले, नाक लाल, आणि ती हसत होती. मीही रडत होतो हे मला बायकोने रुमाल पुढे केला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी तपासनीस बाई आल्या. धूर इतर खोल्यांच्या प्रत्येक कोपऱ्यात हलला, लपवण्यासारखं काही नव्हतंच. मी त्यांना मावशीच्या खोलीत नेलं आणि शाबूत कोपरे दाखवले, मग टेबल सरकवून कापलेली जागा दाखवली. बाई कडक म्हणून प्रसिद्ध. पण त्या सरळ फरशीवर मांडी घालून बसल्या, गेजची पाती एकामागून एक लावत राहिल्या, आणि मला जे आदल्या दिवशी कळून चुकलं होतं ते त्यांच्याही चेहऱ्यावर उमटताना दिसलं. मध्ये मोकळी जागा मिळाली म्हणून पट्टीचे दोन्ही अर्धे भाग हवे तसे लांबले, आखडले, आणि टोकं ओढली गेली नाहीत. फट बुजवायची तर पट्टीला हलायला फट द्यायला हवी होती, फक्त अशी की वारा तिच्यातून जाणार नाही. "कापायची कल्पना कुणाची?" बाईंनी विचारलं. स्वयंपाकघरातून मावशीचा आवाज आला, "माझी. पण ती यासाठी नव्हती हं!" बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, ती मोठी गोष्ट आहे, चहा घेताना सांगतो. चहा थंड होईपर्यंत मी त्यांना कागदावर काढून दाखवत होतो: भिंतीच्या मधोमध पट्टी तोडायची, दोन टोकांत जागा सोडायची, वर एक सरकती टोपी, टोपी एकाच बाजूला चिकटलेली, दुसऱ्या बाजूवर नुसती बसलेली, आणि तिच्याही खाली तोच मऊ रबरी ओठ, न तुटता जाणारा. बाईंनी कागद घडी करून पिशवीत ठेवला. जुनी पट्टी कपाटात गेली. नवी लागेल तेव्हा पुन्हा एक उन्हाळा, एक हिवाळा, सगळ्या घराने तिच्याबरोबर राहायचं. "सगळ्या घराने," बाई निघताना स्वयंपाकघराकडे बघत मोठ्याने म्हणाल्या. तसं म्हणायला मी त्यांना सांगितलं नव्हतं.

रविवारी बॅग माळ्यावर गेली. बहिणीचा फोन आला तेव्हा मावशी म्हणाली, "अगं नाही जमत, हा भांडतो," आणि ते सांगताना तिचा आवाज चांगलाच ऐटीत होता. दुपारी मी कामाच्या खोलीत जरा आडवा झालो. कपाट मी आदल्या संध्याकाळीच भिंतीपासून हलवलं होतं. इतर भिंतींना टोप्या येतील, ही एक भिंत तपासणीतून वगळायची असं मी बाईंना सांगून टाकलं आहे. त्या बोटभर फटीतून पलीकडच्या खोलीतला उन्हाचा पट्टा फरशीवर आला होता आणि त्यात धूळ तरंगत होती, माझी जन्माची वैरीण, आणि मला तिचं काहीच वाटत नव्हतं. पलीकडे पलंग करकरला, चष्मा टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मला इतकं सुखी वाटत होतं, इतकं उपकृत, की ते कुणाला तरी कळवल्याशिवाय राहवेना. आणि आभार मानायला मी तोंड उघडलं असतं तर पुन्हा तेच गोड, कोरडं काहीतरी निघालं असतं. म्हणून मी भिंतीकडे कूस केली आणि खोकलो. दोनदा, खोलवरून, मध्ये थोडी घरघर घालून, अगदी हुबेहूब.

पलीकडे पलंग पुन्हा करकरला. मग फटीतून, अगदी माझ्या कानाशी, मावशीचा आवाज आला.

"नाटकं पुरेत. खरा खोकला मला कळतो. झोप."